खोली कोण देतं?

सकाळी ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड. अनोळखी माणसाकडे बघून हसा, त्याला आपलं वाटेल, वगैरे. हसायला माझी ना नाही. पण लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा माझ्याकडे बघून सगळेच हसायचे. केम छो, मजामां, चहा, बरोबर लीलो चेवडो. कुणी कधी वाकडं बोललं नाही. तरी मी पाहुणीच होते, आणि पाहुण्याला कळतं हो, आपण पाहुणे आहोत ते.

पाहुणेपण गेलं ते समोरच्या गुजराती आजींमुळे, बांमुळे. पौर्णिमेला डाकोरला निघाल्या होत्या, जिन्यातच त्यांनी किल्ली माझ्या हातात कोंबली. 'बेटा, दूधवाळो आवशे, लई लेजे.' दूध घ्यायचं, तापवायचं, साय मोडायची नाही आणि मांजराला तर अजिबात घालायचं नाही. मला मेलीला तेव्हा ऑफिसची घाई. पण दिवसभर पर्समध्ये ती किल्ली वाजत होती आणि मला उगाच बरं वाटत होतं. माझ्यावाचून कुणाचं तरी दूध नासणार होतं!

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. गोड बोलण्याने कुणी कुठलं होत नाही. घरातली थोडी गैरसोय सोसून कुणी आपल्याला आत घेतलं, किंवा हक्काने कामाला लावलं, की माणूस तिथला होतो.

आमच्या या शहराला हे शिकवायची खरं तर गरज पडू नये. सयाजीरावांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1913 साली बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. शिकून ते करारानुसार 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. महाराजांनी द्यायचं ते दिलं होतं. राहायला खोली मात्र कुणी देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. ओळख उघड झाल्यावर काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढलं.

ही हकिगत बहुतेकांना माहीत असते. मला छळतो तो तिचा पुढचा भाग. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघेही शिकलेले, दोघांनाही वाईट वाटलं. एक म्हणाला, तू आलास तर घरातले नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कमाटी बागेत बसून राहिले. आज तिथे त्या दिवसाची आठवण म्हणून संकल्पभूमी हे स्मारक आहे आणि 14 एप्रिलला पाय ठेवायला जागा नसते.

काठीवाल्यांचा राग करणं सोपं आहे. ते दोन मित्र मात्र मला फार ओळखीचे वाटतात. विचार अगदी नेटके, अडलं कुठे तर नोकर आणि बायको.

(एक आगाऊ टिप्पणी: आपण मराठी मंडळी इथे गायकवाडांच्या मागून आलो आणि आता दांडिया बाजारात असे वावरतो जणू इथली विश्वामित्री नदी आपणच खोदली. आपल्याला कुणी तरी जागा दिलीच होती ना?)

ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्रीने 26 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली आणि आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. खाली ओडिशाचा एक मुलगा भाड्याने राहतो, नंदेसरीला कंपनीत आहे. मासे खातो म्हणून बा त्याच्या दारावरून जाताना नाक मुरडायच्या. त्या रात्री त्याच बांनी जिन्यातून हाक मारली आणि त्याला गादीसकट वर घेतलं. पाणी ओसरेपर्यंत तो त्यांच्या हॉलमध्ये झोपला, ठाकोरजींच्या देव्हाऱ्याशेजारी. बांची कुरकुर चालूच होती: लाइट नाही, पाणी नाही, त्यात हा घोरतो! आता सिलिंडर बदलायचा असला की बा गॅलरीतून त्याच्याच नावाने ओरडतात. तोही 'आव्यो बा' म्हणत वर येतो. मासे तो अजून खातो आणि बा अजून नाक मुरडतात.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली दोन परदेशी मुलं आमच्या सोसायटीतला रिकामा ब्लॉक मागताहेत. घरमालक तयार आहे. कमिटीचं म्हणणं, 'आमची हरकत नाही, पण बाकीच्यांना आवडेल का?' बाकीचे म्हणजे कोण, ते कुणीच सांगत नाही. जिन्यात ज्याला विचारलं त्याची स्वतःची हरकत नाही.

रविवारी मीटिंग आहे. प्रत्येकाने स्वतःपुरतं हो किंवा नाही सांगावं, बाकीच्यांच्या वतीने बोलू नये, एवढंच मी मांडणार आहे. बांना आत्ताच विचारून आले. म्हणाल्या, मुलं वजन उचलणारी आहेत ना, मग येऊ देत.