खुलासा: स्पेक्ट्रम ‘साडेतीनपट वेगवान’ नव्हता

झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ हे १९८०च्या दशकातले घरगुती संगणक. ‘झेडएक्स स्पेक्ट्रमचा प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्‌झचा, कमोडोर ६४चा जेमतेम १. म्हणजे स्पेक्ट्रम साडेतीनपट वेगवान,’ असा हिशेब पुन्हा फिरतो आहे. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा. मेगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला दहा लाख ठोके. स्पेक्ट्रममधल्या झेड-८० प्रोसेसरला साध्यात साध्या सूचनेलाही घड्याळाचे किमान ४ ठोके लागतात, कमोडोरच्या ६५१० प्रोसेसरला २. शिवाय कमोडोरमध्ये ८ स्प्राइट्स (पडद्यावर स्वतंत्रपणे हलणारी छोटी चित्रं) दाखवायला वेगळी चिप होती. स्पेक्ट्रममध्ये ठिपका न् ठिपका प्रोसेसरनेच रंगवायचा. तरी आकडेमोड जास्त असलेल्या त्रिमितीय खेळांत स्पेक्ट्रम बरेचदा सरस ठरे, हे कमोडोरवाल्यांनी मान्य करायला हरकत नाही. (१९८०च्या दशकापासून ब्रिटनमध्ये हे भांडण चालू आहे, एवढं तर चालेल!) ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग, हा स्पेक्ट्रमवरचा आरोप मात्र खराच.