सूर्यफुलाचा दाणा पोचट का राहतो?

‘सूर्यफुलाचे दाणे पोचट निघाले म्हणजे बियाणे बोगस. फुलोऱ्यात एक कडक फवारणी मारली की दाणा भरतो. पाणी दिले नाही तरी चालते, मात्र जमीन नापीक होते.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा सल्ला ऐकाल तर भरले पीक हातचे जाईल.

आधी बियाणे. तबकातली, म्हणजे सूर्यफुलाच्या गोल चकतीतली, बारीक फुले कडेकडून आत अशी आठवडा-दहा दिवस उमलत जातात. प्रत्येकाचा पराग आधी बाहेर पडतो, कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे टोक, नंतर उघडते. म्हणून मधमाशी रोज यावी लागते. मध्यभाग पोचट राहिला, तर त्या दिवसांत माश्या होत्या का, पाऊस पडत होता का, पाण्याचा ताण बसला का, हे आधी तपासा. एकरी दोन मधपेट्या पुरतात. त्या नसतील तर पंजाला मऊ कापड गुंडाळून सकाळी ७ ते ११ या वेळेत उमललेल्या तबकांवरून हलकेच फिरवा. हे एकदा करून भागत नाही, फुलोरा संपेपर्यंत दिवसाआड करा. सोबत कडेच्या पिवळ्या पाकळ्या उघडताना १० लिटर पाण्यात २० ग्रॅम बोरॅक्स फवारा. ते थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवा.

बियाण्याचा दोष वेगळा दिसतो: झाडे उंचसखल, काहींना फांद्या, काहींच्या फुलात परागच नाही. संकरित वाणाचे घरचे बी पेरले तर नेमके हेच होते. विकतच्या बियाण्यात असे दिसले, तर पिशवी, टॅग आणि पावती घेऊन पीक उभे असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. कापणीनंतर पंचनामा कशाचा करणार?

फुलोऱ्यातली ‘कडक’ फवारणी हा यातला सर्वांत घातक सल्ला. कीटकनाशकाने दाणा भरत नाही. उलट तो भरवणाऱ्या माश्या मरतात. अळी दिसली तर ५ टक्के निंबोळी अर्क किंवा घाटेअळीसाठी एचएनपीव्ही (त्या अळीला रोग पाडणाऱ्या विषाणूचे औषध), तेही संध्याकाळी, माश्या परतल्यावर.

पाण्याचे म्हणाल तर मूळ खोल जाते, म्हणून पीक ताण सोसते, एवढेच खरे. कळी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना ओल हवीच. दोनच पाणी हाताशी असेल तर ते फुलोरा आणि दाणे भरण्यासाठी राखा.

जमीन नापीक होते ती खत न देता सूर्यफुलावर सूर्यफूल घेतल्याने. कोरडवाहूला हेक्टरी ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद, २५ किलो पालाश द्या, गंधक विसरू नका आणि पुढच्या हंगामात हरभरा किंवा तूर घ्या. पिकाने उचललेला बराचसा पालाश ताटांतच असतो. ती बांधावर पेटवू नका, बारीक करून रानातच गाडा.