'शब्द जास्त असलेला कागद खाली, कमी असलेला वर' या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार वकीलसाहेब. तुमची तक्रार अशी की 'वहिवाट' टाकून सर्च मारलं तर ज्या कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) तो शब्द पानोपानी आहे ती चौथ्या नंबरला आली आणि ज्या निकालपत्रात जेमतेम दोनदा आहे ते पहिलं, म्हणजे कोर्टाचे कागद शोधायच्या आमच्या सॉफ्टवेअरला मोजता येत नाही आणि वर सर्चही स्लो. मोजता येतंय ओ, मोजूनच खाली टाकलंय.

तुमच्या फायलीतलं इथं सगळ्यांसमोर लिहीत नाही, नमुन्यादाखल सांगतो. कैफियतीत काय असतं, 'वादीची वहिवाट कधीही नव्हती', 'वहिवाट होती असे क्षणभर धरले तरी', 'वादी म्हणतो त्याप्रमाणे वहिवाट'. शब्द दहादा आला पण सगळा नाकारण्यात नाहीतर दुसऱ्याच्या तोंडी. आणि निकालपत्रात 'सबब वादीची वहिवाट शाबीत होते' एवढं एकच वाक्य असलं तरी तिथं कोर्टानं ठरवलंय. तुम्हाला दाखला कुठला लागणार, सांगा की.

आमच्याकडं आधी बीएम२५ चालतं, १९९४ च्या सुमाराचं मोजणीचं सूत्र, जगभर वापरतात, ते वरचे शंभर कागद काढतं. मग फक्त त्या शंभरांत 'कारण', 'परंतु', 'जरी-तरी', 'सबब' असल्या शब्दांवरून वाक्यांचं एकमेकांशी नातं काय ते बघतो, मुख्य मुद्दा कुठला आणि त्याला टेकू देणारं वाक्य कुठलं, आणि शब्द मुख्य मुद्द्यात असला तर जास्त वजन. ही कल्पना आमची नव्हे, मॅन आणि टॉम्प्सन या भाषेच्या अभ्यासकांनी १९८८ मध्ये मांडली, मुख्य मुद्द्याला ते न्यूक्लियस म्हणतात आणि टेकूला सॅटेलाइट. २०१२ मध्ये लिओमा, लार्सन आणि लू या संशोधकांनी ती सर्चच्या क्रमवारीला लावून बघितली, काही ठराविक नात्यांनी सरासरी अचूकता १० टक्क्यांहून जास्त सुधारली. ते मराठी कागदांवर नव्हतं, त्यामुळं तोच आकडा मी कुणाला सांगून विकत नाही.

आपल्या बेळगावात आणखी एक भानगड, १९५६ च्या आधीचे मुंबई राज्यातले बरेच कागद मराठीत, नंतरचे बरेच कन्नडमध्ये, म्हणून 'आदरे' (परंतु), 'आद्दरिंद' (म्हणून) हे कन्नड शब्दही यादीत घातलेत. नाहीतर खानापूर-निपाणीकडचं अर्धं प्रकरण नुसत्या मोजणीवरच राहिलं असतं.

पहाणी, उतारा, पावत्या यांत युक्तिवादच नसतो तर नातं काय शोधणार, तिथं ही पद्धत आपोआप बंद होते. आणि तुम्हाला मुद्दाम समोरच्याची कैफियतच हवी असेल (उलटतपासणीच्या आधी लागतेच) तर सेटिंगमध्ये 'नुसती मोजणी' आहे, ते लावा, ती झटक्यात वर येईल.

स्लोचं म्हणाल तर वाक्यं फोडायला वेळ लागतो तो कागद चढवताना, एकदाच. रात्री चढवून ठेवा, सर्चला मग थांबावं लागत नाही.

एक करूया, नेहमीचे चार-पाच सर्च आणि त्यात कुठला कागद पहिला यायला हवा ते आधी लिहून पेनड्राइव्हसकट शहापूरच्या दुकानी आणा, दोन्ही पद्धतींनी तुमच्यासमोर लावतो. आधी लिहूनच आणा हं, निकाल बघून ठरवायचं नाही. सोमवारी बंद असतं.