मेल पाठवला म्हणजे काम सांगितलं असं होत नाही

आज दुपारी मीटिंगमध्ये एका पोरीला सगळ्यांदेखत झापलं. तिला कंपनीत येऊन वर्षही झालं नसेल. कारण काय, तर एका ब्रॅकेटचं सुधारित ड्रॉइंग आलेलं असताना तिने जुन्या ड्रॉइंगवर पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, सोडला, व्हेंडरने माल बनवला आणि आता तो सगळा माल भंगारात जाणार. ‘तुला मेल केला होता ना? मेल वाचत नाहीस का तू?’ साहेब पुन्हा पुन्हा हेच म्हणत होते. ती मान खाली घालून उभी. एक शब्द बोलली नाही.

मीटिंग संपल्यावर मी तो मेल उघडून नीट वाचला. विषयाच्या जागी ‘आरई: आरई: एफडब्ल्यू: अर्जंट’. मूळ मेल गेल्या महिन्यातल्या गाडीभाड्याचा. त्यावरच कोणीतरी रिप्लाय ऑल दाबून ड्रॉइंगचा विषय सुरू केलेला. टूमध्ये तीन मॅनेजर. सीसीत वीसेक जण, त्यात मधेच कुठेतरी या पोरीचं नाव. मजकूर चार परिच्छेदांचा, आणि तिसऱ्याच्या शेवटी एक ओळ, ‘परचेस टीम प्लीज टेक केअर.’ परचेसमध्ये आम्ही सहा जण आहोत. केअर नेमकी कोणी टेक करायची? सोबत जोडलेल्या फाइलचं नाव ‘फायनल न्यू लेटेस्ट’. रिव्हिजन नंबर नाही, तारीख नाही, ब्रॅकेटचा पार्ट नंबरसुद्धा नाही.

आणि भोगायचं कोणी, तर तिने.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला काम करायचंय त्याचं नाव घेऊन, काय करायचं आणि कधीपर्यंत करायचं हे लिहिलं नसेल, तर तो मेल पाठवणाऱ्याने काम सांगितलेलंच नाही. त्याने फक्त स्वतःपुरता पुरावा करून ठेवलाय. उद्या बोंब झाली की ‘मी तर मेल टाकला होता’ म्हणायला मोकळा. आपल्या ऑफिसांमधले निम्मे मेल याच कामाचे असतात, हे तुम्हालाही माहीत आहे. वीस जणांना सीसीत घेणं ही पारदर्शकता नाही, स्वतःची जबाबदारी वीस जणांच्या अंगावर टाकणं आहे.

मला आज दिवसभर काकांची आठवण येते आहे. काका तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे पुण्याला आले होते, तेव्हा माझं घरून काम चालू होतं. डोळ्याची पट्टी निघाल्यावर माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. एकदा इनबॉक्सकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘अगं बाळ, यातलं प्रलंबित कुठलं आणि प्रतीक्षाधीन कुठलं?’ मी म्हटलं, काका, सगळं एकत्रच असतं, वरून खाली वाचत जायचं. त्यांना ते पटेचना. ‘म्हणजे टपाल आलं की टेबलावरच पडून राहतं?’

मग त्यांनी मला सहा गठ्ठा पद्धत समजावून सांगितली. महसूल खात्यात किंवा जिल्हा परिषदेत घरचं कोणी असेल तर तुम्ही हे ऐकलं असेल. प्रत्येक कारकुनाच्या दप्तरात सहा गठ्ठे. ज्यावर आपल्याला काम करायचंय ती प्रलंबित प्रकरणं. ज्यावर आपलं काम झालंय पण दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे ती प्रतीक्षाधीन. ठरावीक मुदतीने पाठवायच्या माहितीची नियतकालिकं. कायम हाताशी लागणारे नियम आणि परिपत्रकं यांची स्थायी आदेश संचिका. निकाली निघून अभिलेख कक्षात जायची प्रकरणं. आणि शेवटी नष्ट करायचे ड वर्गाचे कागद. अभिलेखाचेही वर्ग ठरलेले, अ म्हणजे कायम जपायचं, ब तीस वर्षं, आणि ड वर्षभरात संपणारं. 1980 च्या दशकात नगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची बसायची व्यवस्था आणि अभिलेखांची रचना कशी बदलून टाकली, हे काका फार अभिमानाने सांगायचे. लखिना पॅटर्न हा शब्द त्यांच्या पिढीच्या कारकुनांच्या तोंडात अजून आहे.

मी त्याच संध्याकाळी आउटलुकमध्ये ते सहा फोल्डर केले. नावंही तीच ठेवली. माझं ऑफिसचं आयुष्य यामुळे बदललं, हे मी अगदी मनापासून सांगते आहे. सगळ्यात जास्त फरक प्रतीक्षाधीनने पडला. व्हेंडरला दर विचारलाय, क्वालिटीकडून रिपोर्ट यायचाय, अकाउंट्सने डेबिट नोट काढायचीय, असं सगळं तिथे. पाठवलेला माझा मेलच मी त्या फोल्डरमध्ये टाकते. रोज सकाळी आधी तो उघडायचा आणि कोण लटकवतंय ते बघायचं. ‘मॅडम, तुम्ही विसरत कशा नाही?’ असं व्हेंडर विचारतात. मी लक्षात ठेवतच नाही, म्हणून विसरत नाही. नियतकालिकमध्ये महिन्याचा स्टॉक रिपोर्ट आणि जीएसटीची जुळणी. स्थायीमध्ये कंपनीची धोरणं, दरकरार, मंजुरीच्या मर्यादा. इनबॉक्समध्ये फक्त आज आलेलं टपाल.

दुसरी गोष्ट सीसीची. आउटलुकच्या रूल्समध्ये ‘माझं नाव सीसीत असेल तर’ अशी अट लावता येते. ते मेल थेट वेगळ्या फोल्डरला जातात आणि मी ते दिवसातून एकदा, जेवणानंतर बघते. या नियमावरून मला ऐकावंही लागलंय, की तुम्ही सीसीचे मेल लगेच का बघत नाही. अहो, लगेच बघायला हवं असेल तर टूमध्ये टाका ना मला!

काका या बाबतीत तर फारच काटेकोर होते. सरकारी पत्राखाली प्रती कोणाला दिल्या ते लिहिलेलं असतं, आठवतंय? कोणापुढे ‘माहितीसाठी’ आणि कोणापुढे ‘माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी’. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. कार्यवाहीसाठी प्रत मिळाली की तो कागद आपल्या नोंदवहीत चढला, त्याचं उत्तर आपल्याला द्यायचंय. माहितीसाठी आली तर वाचायची आणि लावून टाकायची. शिवाय वरती विषय आणि संदर्भ, मागच्या पत्राच्या क्रमांक-तारखेसह. टाइपरायटरवर कार्बन लावून प्रती काढायचे तेव्हा चौथी-पाचवी प्रत पुसट यायची, त्यामुळे प्रत कोणाला खरंच हवीय याचा विचार आपोआप व्हायचा. आता एक नाव वाढवायला काहीच पडत नाही, म्हणून कोणी विचारच करत नाही. तहसीलच्या कारकुनाला जे कळत होतं ते एवढे पगार घेणाऱ्या मॅनेजरला कळू नये?

हो, सरकारी कचेऱ्यांत फायली वर्षानुवर्षं धूळ खातात, कबूल. तो दोष गठ्ठ्यांचा नाही, न हलवणाऱ्यांचा आहे. आणि सीसी कधीकधी लागते हेही मान्य. ऑडिटला लागते, व्हेंडरशी वाद झाला तर लेखी पुरावा लागतो. पण पुरावा म्हणून दोन माणसं पुरतात.

हे लिहिताना पुन्हा त्या पोरीचा चेहरा समोर येतोय. संध्याकाळी मी तिच्या टेबलाशी गेले. तिच्या इनबॉक्सला न वाचलेल्या मेलचा जो आकडा होता तो मी इथे लिहीत नाही, पण जीव दडपेल असा होता. कोणी शिकवलंच नाही तिला! इंडक्शनमध्ये दोन दिवस कंपनीचा इतिहास आणि मूल्यं सांगितली, मेल कसा लिहायचा आणि कसा लावायचा यावर दहा मिनिटंही नाहीत. कॉलेजात नाही, इथे नाही. मग ती रात्री अकरा वाजता घरी बसून मेल वाचते, कारण साहेब रात्री अकराला पाठवतात. पाठवा, तुम्हाला रात्री सुचतं तर लिहा, पण आउटलुकमध्ये आणि जीमेलमध्येही मेल सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवता येते. तेवढं एक बटण दाबायला काय होतं? कामाची वेळ संपल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळेंनी 2018 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. फ्रान्समध्ये 2017 पासून तसा कायदाच आहे. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल. निदान माणसासारखं वागायला कायदा कशाला लागतो?

तिला मी सहा फोल्डर करून दिले. जुने सगळे मेल एका ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलायला लावले, कारण ते साफ करत बसलं तर कधीच संपणार नाही, लागलं की सर्चमध्ये सापडतं. आणि सांगितलं, ज्या मेलमध्ये तुझ्यासाठी काम आहे की नाही हे कळत नाही, त्याला एका ओळीचा उलट मेल टाक, ‘यात माझ्याकडून काय अपेक्षित आहे?’ विचारताना घाबरायचं नाही. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या तरी चालेल. काका म्हणायचे, ‘कागद आपल्या टेबलाचा नसेल तर लगेच परत करायचा, ठेवून घेतला की तो आपला झाला.’

ती थोडी हसली. घरी जाताना म्हणाली, ‘ताई, मला वाटलं मीच मूर्ख आहे.’ हे ऐकून मला आणखी राग आला, खोटं कशाला बोलू.

उद्या सकाळी मी साहेबांना मेल करणार आहे. टूमध्ये फक्त ते, सीसीत कोणी नाही. विषय, ‘ड्रॉइंग बदलाच्या मेलची पद्धत – शुक्रवारपर्यंत तुमची मंजुरी हवी’. ड्रॉइंग बदललं की नवा मेल, विषयात पार्ट नंबर आणि रिव्हिजन नंबर, टूमध्ये ज्याने पीओ बदलायचाय त्या एकाच माणसाचं नाव, आणि जुना पीओ थांबवल्याचं त्याचं उत्तर येईपर्यंत पाठवणाऱ्याने तो मेल स्वतःच्या प्रतीक्षाधीनमध्ये ठेवायचा. त्याच मेलमध्ये हेही लिहिणार आहे, की आजच्या मालाचं नुकसान त्या पोरीच्या नावावर लागू नये. तुमच्यापैकी कोणी आपल्या कंपनीत असा नियम करून घेतला असेल तर खाली लिहा. कसा लिहिला होता तेही सांगा, आज रात्रीच मसुदा करायचाय.