कृष्णा, किसन, कन्नर

आमच्याकडं करवीर, पन्हाळा, कागल कुठंही जा, पारावर उभं राहून 'ओ कृष्णात' म्हणून हाक मारा, दोघं-तिघं तरी वळून बघतील. पुण्यामुंबईत वडिलांचं हेच नाव सांगितलं की समोरचा विचारतो, 'कृष्णा का कृष्णकांत?' एकानं तर 'कृष्णाच्या आत कोण?' असा विनोद करून स्वतःच हसून घेतलं. हसू दे. माझं भांडण त्याच्याशी नाही, कागदाशी आहे.

वडील गेल्यावर वारसनोंदीला गेलो. शाळेच्या दाखल्यावर 'कृष्णा', सातबाऱ्यावर 'किसन', मतदार यादीत 'कृष्णात' आणि आधारवर इंग्रजीत यू घालून काहीतरी तिसरंच. टेबलामागचे साहेब म्हणाले, 'ही चार माणसं दिसतात.' म्हटलं, 'साहेब, एकच माणूस हो. गावात समदी किसनातात्या म्हणायची.' साहेबांनी फाईल बाजूला सारली.

आता गंमत बघा. नाशिकच्या पांडवलेण्यांत एका सातवाहन राजाचं नाव कोरलंय, दोन हजार वर्षांमागचं. पुराणात तो कृष्ण आहे, दगडात मात्र 'कण्ह'. ते लेणं खोदवून घेतलं त्याच्याच महामात्रानं, म्हणजे बड्या अधिकाऱ्यानं. अधिकाऱ्यानं राजाचं नाव बोलीभाषेत कोरलं आणि कुणी त्याच्याकडं प्रतिज्ञापत्र मागितलं नसावं!

राष्ट्रकूटांचा तिसरा कृष्ण घ्या. 949 साली तमिळ मुलखात तक्कोलमला यानं चोळांना लोळवलं. शेजारच्या कऱ्हाडच्या त्याच्या संस्कृत ताम्रपटात तो कृष्णराज, आणि तमिळ मुलखातल्या शिलालेखांत 'कच्ची आणि तंजै', म्हणजे कांची आणि तंजावर, 'जिंकणारा कन्नरदेव'. साहेबांच्या हिशेबानं हे दोन राजे. कांची एकानं घेतली, ताम्रपट दुसऱ्यानं दिला!

हे नाव ज्या जिभेवर गेलं तिथलं होऊन राहिलं. कण्हचा कान्हा झाला, आपल्याकडं कान्होजी आंग्रे झाले. निपाणी ओलांडली की कृष्णप्पा भेटायला लागतात. तमिळमध्ये कन्नन, लाडानं किट्टू; रंगभूमी गाजवणारे एस. जी. किट्टप्पा मूळचे रामकृष्णन. बंगालीत केष्टो नाहीतर कानाई. पंजाबात भगतसिंगांचे वडील किशनसिंग. हैदराबादला निजामाचे दिवाण महाराजा किशन प्रसाद, हे तर उर्दूत शायरी करायचे. जावात क्रेस्ना, आणि तिथं मुसलमान घरांतही पोराला हे नाव ठेवतात. आम्ही इथं कुठलं नाव कुणाचं यावर रात्र रात्र कमेंटी करत बसतो, ते असो.

इंग्रजी स्पेलिंगचा घोळही त्यातलाच. आपण 'क्रुष्ण' म्हणतो, ओडिया माणूसही तसंच म्हणतो, हिंदीवाला 'क्रिष्ण' म्हणतो. फॉर्म भरणाऱ्या पोराच्या कानाला जे पडलं ते त्यानं टाईप केलं. त्याचा काय दोष?

जमिनीच्या कागदांत फसवाफसवी चालते, हे मला कबूल आहे. गुंठ्यापायी सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात, तपासणी हवीच. पण ती माणसाची करा की. बापाचं नाव, गाव, गट नंबर, गावकऱ्यांचे जबाब, एवढं जुळल्यावर नुसत्या काना-मात्रेवरून अडवायचं कशाला? लग्नपत्रिकेत, डिजिटल बोर्डावर, बाराव्याच्या कार्डावर आपण बिनधास्त 'ऊर्फ' लिहितो. दाखल्यावर आणि आधारवर तसाच एक 'ऊर्फ'चा रकाना सरळ छापून टाका, निम्मे हेलपाटे वाचतील.

आणि त्यावर 'मग पोरांची नावं आधीच साधी ठेवा' असा सल्ला कुणी देऊ नका. किसन यापेक्षा साधं काय असतं, भावा?

सोमवारी प्रतिज्ञापत्र करायला जातोय. टायपिस्टला आधीच सांगून ठेवलंय, एका वाक्यात 'ऊर्फ' तीनदा येणार आहे, चूक समजून खोडू नको.