निळं दिसतंय म्हणून लेन्स बनावट ठरत नाही, आणि डोळ्यात कांद्याचा रस घालायचा नाही

‘मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी जरूर वाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ऑपरेशननंतर सगळं निळसर दिसत असेल तर तुमच्या डोळ्यात हलकी चायनीज लेन्स बसवलेली आहे. कडेला काळी सावली दिसते, दिव्यांभोवती वलयं दिसतात, म्हणजे लेन्स सरकली. ऑपरेशननंतरही चष्मा लागला म्हणजे ऑपरेशन फसलं. लेन्स दहा वर्षांत खराब होते आणि मोतीबिंदू परत येतो. मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय डोळ्याला हात लावू देऊ नका. आणि शेवटी उपाय: पांढऱ्या कांद्याचा, आल्याचा आणि लिंबाचा रस एकेक चमचा, त्यात तीन चमचे मध, हे मिश्रण रोज डोळ्यात घातलं की मोतीबिंदू विरघळतो, आणि ऑपरेशन झालेल्यांचा ‘निळेपणाही जातो’.

असले मेसेज मी एरवी पुसून टाकते. हा माझ्या कराडच्या आत्याकडे पोचला. तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डाव्याची तारीख ठरली होती. ती तिनं परस्पर रद्द केली. वहिनीला फ्रिजमध्ये कसल्याशा पिवळट पाण्याची बाटली दिसली आणि तिनं विचारलं म्हणून कळलं, नाहीतर त्या रात्री ते मिश्रण आठवड्याभरापूर्वी चिरलेल्या डोळ्यात गेलं असतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी निळ्या रंगाचं बघू, कारण आत्या घाबरली ती त्यानं. ‘अगं, ह्या डोळ्यानं सगळं निळं-निळं दिसतंय बघ,’ असं ती फोनवर सांगत होती, आणि ते खोटं नव्हतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं आणि पुढे तपकिरी होत जातं. पिवळं भिंग निळा प्रकाश अडवतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला त्याचा पत्ता लागत नाही, मेंदू त्याच पिवळ्याला पांढरं मानून चालतो. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून तिथे कृत्रिम लेन्स बसवतात, अडलेला निळा प्रकाश पुन्हा आत येतो आणि पहिले काही आठवडे, काहींना काही महिने, सगळ्यावर निळी झाक वाटते. मग मेंदू पुन्हा जुळवून घेतो. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही हे घरी पडताळता येईल. उजेडात एक कोरा पांढरा कागद धरा आणि एकेक डोळा झाकून बघा. आत्याला मी तेच करायला लावलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला कागद पांढराफेक, थोडा निळसर दिसला. दुसऱ्या डोळ्याला तोच कागद मळका पिवळा दिसला. मग ती उठून कपाटातली एक साडी घेऊन आली. ती साडी बदामी आहे असं ती कितीतरी वर्षं धरून चालली होती. साडी पांढरी आहे. दोष नव्या लेन्समध्ये असता तर साडीचा खरा रंग तिला याच डोळ्यानं कसा दिसला असता?

तरीही ‘लेन्सच बनावट’ म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देते. क्लोद मोने हा मोठा फ्रेंच चित्रकार. पॅरिसजवळ जानेवारी १९२३ मध्ये शार्ल कुतेला या डॉक्टरांनी त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्यानंतर रंग बिघडले म्हणून मोने चिडला, हताश झाला. आधी पिवळं आणि मग सगळं निळं दिसतंय ही त्याची तक्रार नोंदवलेली आहे. त्यासाठी त्याला रंगीत काचांचे चष्मे दिले गेले. आता हे लक्षात घ्या की मोनेच्या डोळ्यात लेन्स बसवलेलीच नव्हती. चायनीज नाही, जर्मन नाही, कुठलीच नाही. माणसाच्या डोळ्यात कृत्रिम लेन्स पहिल्यांदा घातली ती लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी, २९ नोव्हेंबर १९४९ रोजी, म्हणजे मोने गेल्यानंतर तेवीस वर्षांनी. लेन्स नसलेल्या माणसाला जे निळं दिसलं, त्याचा दोष लेन्सच्या कंपनीला कसा देणार? या एका गोष्टीवर मेसेजचा पहिला मुद्दा संपतो.

आणि ‘स्वस्त म्हणजे बनावट’ हेही डोक्यातून काढा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबनं १९९२ पासून भारतात लेन्स बनवायला सुरुवात केली ती परदेशी लेन्सची किंमत गरिबाला परवडत नव्हती म्हणून. त्या लेन्स आज परदेशातही जातात. शंका असेल तर डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर लेन्सचा स्टिकर चिकटवलेला असतो: कंपनी, नंबर, अनुक्रमांक. तो नसेल तर रुग्णालयात जाऊन मागा, तो तुमचा हक्क आहे.

आता ते मिश्रण. मला सगळ्यात जास्त संताप याचा आहे.

मोतीबिंदू ही डोळ्यावर आलेली साय किंवा पडदा आहे, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि म्हणून थेंब टाकून तो धुऊन निघेल असं वाटतं. तो डोळ्याच्या वर नसतोच. तो बाहुलीच्या मागे, आतल्या भिंगात असतो. भिंगातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गढूळ होतात. नासलेल्या दुधाचं मध घालून पुन्हा दूध होत नाही, तसंच हे आहे. नुसत्या घरगुती थेंबांचीच ही कथा नाही. प्रयोगशाळेत बनवलेले, मोतीबिंदू विरघळवतो असं सांगून विकले जाणारे एन-ॲसिटिल-कार्नोसिनचे थेंब आहेत. कॉक्रेन या संस्थेनं २०१७ मध्ये त्यांचा आढावा घेतला आणि मोतीबिंदू मागे फिरतो किंवा थांबतो याचा खात्रीलायक पुरावा नाही असं सांगितलं. तिथे स्वयंपाकघरातल्या कांद्याचं काय होणार?

बरं, नुसतं निरुपयोगी असतं तर मी सोडून दिलं असतं. लिंबाचा रस चांगलाच आंबट, त्याचा सामू दोन-तीनच्या घरात. अश्रूंचा साधारण साडेसात. हे आम्ल बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला लागलं की वरचा नाजूक थर सोलवटतो. मेसेजमध्ये लिहिलंय, ‘जळजळ होईल, घाबरू नका, घाण बाहेर पडते आहे.’ बाहेर पडतं ते पाणी, आणि ते डोळा स्वतःला वाचवण्यासाठी काढत असतो. पाणी वाहून गेल्यावर चार मिनिटं बरं वाटतं, त्यालाच लोक गुण आला म्हणतात.

ऑपरेशन झालेल्या डोळ्याची गोष्ट तर फारच वेगळी. फेकोमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढायच्या ऑपरेशनमध्ये, अडीच-तीन मिलिमीटरची चीर असते, शिबिरांत होणाऱ्या बिनटाक्याच्या ऑपरेशनमध्ये ती जरा मोठी. दोन्हींत सहसा टाका घालत नाहीत, चीर आपोआप मिटते. ती पक्की व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून तर डोक्यावरून अंघोळ करू नका, डोळा चोळू नका, असं बजावतात. नळाचं पाणी जायला नको तिथे बाटलीत साठवलेला कांदा-आल्याचा रस घालायचा? त्यात सुजेसाठी दिलेले स्टिरॉइडचे थेंब चालू असतात आणि स्टिरॉइडमुळे डोळ्याची जंतूंशी लढायची ताकद कमी झालेली असते. जंतू आत शिरले तर अख्खा डोळा जाऊ शकतो.

मधाचा जखमांवर उपयोग होतो हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण तो निर्जंतुक केलेला, दवाखान्यात वापरायचा, कातडीवरच्या जखमेसाठीचा मध असतो. घरातल्या बरणीतला मध निर्जंतुक नसतो. आणि मेसेजमध्ये सुश्रुताचं नाव घेतलंय ते बघून तर वाईट वाटलं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या आजारावर शलाकेनं डोळ्यातला अडथळा बाजूला सारायची शस्त्रक्रिया सांगितली आहे. त्या काळच्या वैद्यालाही शस्त्र हातात घ्यावं लागलं होतं.

‘आमच्या काकांचा चष्मा या थेंबांनी सुटला’ असंही खाली कुणीतरी जोडलंय. काका खोटं बोलत नसतील. मोतीबिंदूचा एक प्रकार वाढताना भिंग घट्ट होतं आणि डोळा जवळच्या नजरेकडे झुकतो, त्यामुळे म्हातारपणी अचानक बिनचष्म्याचं वाचता येऊ लागतं. हे मोतीबिंदू बरा होण्याचं लक्षण नाही, वाढण्याचं आहे.

पिकण्याचा मुद्दा थोडक्यात संपवते. पूर्वी भिंग अख्खं बाहेर काढत, तेव्हा ते पिकेपर्यंत थांबणं सोयीचं होतं. आता उलट आहे. फार पिकलेला, कडक झालेला मोतीबिंदू फोडायला जास्त ताकद लावावी लागते आणि बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला सूज येण्याचा धोका वाढतो. त्याहून थांबलात तर डोळ्यातला दाब चढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यानं गेलेली नजर परत येत नाही.

सावली आणि वलयांबद्दल मात्र मला अर्धं मान्य करावं लागतं. ती दिसतात. नैसर्गिक भिंग नऊ-दहा मिलिमीटर रुंद असतं, नव्या लेन्सचा पाहायचा भाग साधारण सहा. कडेनं येणारा प्रकाश तिच्या काठावर वेगळा पडतो, म्हणून कानाकडच्या बाजूला चंद्रकोरीएवढी काळी कड दिसते किंवा रात्री दिव्यांना रेघा फुटतात. बहुतेकांना काही आठवड्या-महिन्यांत ते जाणवेनासं होतं. मल्टिफोकल, म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारी लेन्स घेतली असेल तर रात्रीची वलयं जास्त, ती त्या लेन्सच्या रचनेतच आहेत. लेन्स सरकते तीही क्वचित, पण ते डॉक्टर बाहुली मोठी करून तपासतात, मेसेज वाचून ठरत नाही. राग मला डॉक्टरांचाही येतो. हे सगळं ऑपरेशनच्या आधी, पेशंटला कळेल अशा मराठीत, पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर आत्या त्या मेसेजच्या वाट्याला गेली नसती. तिच्या हातात थेंबांचा तक्ता दिला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

चष्म्याचंही तेच. साध्या लेन्सनं एकाच अंतराचं स्वच्छ दिसतं, आणि बहुतेकदा ती लांबच्या नजरेसाठी बसवतात. मग पेपर वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागणारच. ज्यांना मायनस नंबर होता आणि चष्मा काढून जवळचं छान दिसायचं, त्यांना हा बदल सगळ्यात जास्त खुपतो. नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी, डोळा स्थिर झाल्यावर काढायचा. दोन ऑपरेशनांमधला काळ तर खरोखर अवघड असतो. दोन डोळ्यांचा नंबर जुळत नाही, अंतराचा अंदाज चुकतो. आत्या चहा कपाबाहेर ओतत होती आणि जिन्याची शेवटची पायरी पायानं चाचपत होती. यावर उपाय दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन लांबवू नये हाच. तोवर जुन्या चष्म्यातली त्या बाजूची काच काढून चालेल का, हे डॉक्टरांना किंवा चष्मेवाल्याला विचारा आणि जिन्यावर कठडा धरा.

‘मोतीबिंदू परत येतो’ यात तथ्य आहे ते इतकंच: भिंग गेलं तरी त्याची मागची पातळ पिशवी राहते, तिच्यावरच लेन्स बसवतात, आणि ती काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होऊ शकते. मोनेलाही जुलै १९२३ मध्ये यासाठी पुन्हा टेबलावर जावं लागलं. आता हे काम याग लेसरनं बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होतं. लेन्स मात्र दहा वर्षांत नासत नाही. रिडलींना ती कल्पना सुचली तीच मुळी लढाऊ विमानांच्या पर्स्पेक्स या काचेसारख्या प्लास्टिकच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यात तशाच शांत पडून राहिलेल्या पाहून.

शिबिरांत डोळे गेले आहेत हेही लपवायचं कारण नाही. २०१४ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात, २०२१ मध्ये बिहारमध्ये मुझफ्फरपूरला. ते जंतुसंसर्गानं गेले, लेन्सच्या रंगानं नाही. म्हणूनच हा मेसेज घातक आहे. तो साध्या, ओसरणाऱ्या गोष्टींनी घाबरवतो, आणि ज्या लक्षणांनी धावत सुटायला हवं त्यांचा त्यात उल्लेखही नाही. ती अशी. ऑपरेशननंतरच्या दिवसांत दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, डोळा लालभडक झाला, आलेली नजर पुन्हा धूसर होऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठा. अचानक विजेसारखे लखलखाट दिसले, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव झाला किंवा बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली सरकत आली, तर डोळ्याचा मागचा पडदा सुटत असू शकतो. तो वेळेत बसवला तर नजर वाचते. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं, महिन्यांनंतरही. आणि स्टिरॉइडचे थेंब डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्याप्रमाणे कमी करत बंद करा, बरं वाटतंय म्हणून एकदम थांबवू नका आणि संपले म्हणून दुकानातून आणून घालत राहू नका, त्यानं डोळ्यातला दाब वाढतो.