अंतर विचारणं ही चोरी कधीच नव्हती

गेले काही दिवस आमच्या गोव्यातल्या गोल्फ खेळणाऱ्या मंडळींच्या फोनवर एक मजकूर फिरतोय. मडगावहून आला, पणजीहून आला, आणि परवा तर दुबईतल्या भावोजींनीही तोच पाठवला. मजकूर असा : ‘लेझरने अंतर मोजून गोल्फ खेळणं म्हणजे सरळ फसवणूक. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत त्यावर बंदी आहे. खरा खेळाडू नजरेनं अंतर ओळखतो. या खेळण्यांपायी खेळ रेंगाळतो आणि गरीब कॅडीच्या पोटावर पाय येतो.’ खाली जोडलेले हात. (कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस.)

आमच्याकडे हा पहिल्यांदा टाकणारे बाब (आमच्याकडे वडीलधाऱ्याला असं म्हणतात) वयानं मोठे आहेत. बंकरमधून, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू बाहेर काढायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. म्हणून नुसता अंगठा दाखवून सोडून देत नाही, एकेका वाक्याला उत्तर देतो.

‘फसवणूक’ हा शब्द आधी घेऊ, कारण मला तोच लागला. फसवणूक म्हणजे नियम मोडून लपवणं. नियम काय म्हणतो? आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था मिळून जगभरचे नियम ठरवतात. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांत, चौथ्या नियमाखाली, अंतर मोजणारं यंत्र वापरायला मुभा आहे. एखाद्या स्पर्धेच्या समितीला नको असेल तर तिनं तसा स्थानिक नियम करायचा. त्याआधी उलट होतं : २००६ पासून समितीला परवानगी देता येत होती, ती नसेल तर मनाई. म्हणजे गाडी एका रात्रीत वळलेली नाही.

पण नुसतं ‘नियमात बसतं’ म्हणून मी हा वाद घालत नाही. गंमत त्याच्या मुळाशी आहे. समोरच्या खेळाडूला ‘कुठला क्लब (गोल्फची काठी) घेऊ?’ असं विचारलं तर तो सल्ला झाला, स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून खेळतात त्या प्रकारात, दोन फटक्यांचा दंड. ‘इथून पिन (भोकातला झेंडा) किती?’ असं त्याच माणसाला विचारलं तर काहीही होत नाही. अंतर ही मैदानावरची सर्वांना खुली माहिती आहे, सल्ला नव्हे, हे नियमपुस्तकात २००८ पासून स्वच्छ लिहिलेलं आहे. प्रतिस्पर्ध्याला विचारा, त्याच्या कॅडीला विचारा, पावलं मोजा, ग्रीनपासूनच्या (पिनभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीपासूनच्या) दीडशे अंतराची खूण बघा. जी गोष्ट शत्रूलासुद्धा तोंडानं विचारता येते, ती यंत्राला विचारली की चोरी कशी होते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दक्षिण गोव्यातल्या कुटबणच्या मासेमारी जेटीवर उभे राहा. प्रत्येक ट्रॉलरवर जीपीएस आहे, खालचा मासा दाखवणारं यंत्र आहे. त्यासाठी कुणी तांडेलाला चोर म्हणत नाही. एलईडीचे दिवे पाण्यावर सोडून मासा ओढला की मात्र रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार) रस्त्यावर येतात, आणि २०१७ पासून केंद्राची त्यावर बंदीही आहे. यंत्र आहे की नाही हा तिथेही प्रश्न नाही. कुठलं काम यंत्रानं करायचं आणि कुठलं नाही, हा आहे.

गोल्फमधली एलईडी म्हणजे ‘स्लोप’चं बटण. चढ-उतार मोजून ‘१४६ आहे, पण १५२ समजून मार’ असं सांगणं, वारा मोजणं, क्लब सुचवणं, हे नियमाला चालत नाही. पहिल्यांदा दोन फटके, दुसऱ्यांदा बाद. २०१६ पूर्वी तर ही सोय असलेलं यंत्र नुसतं वापरलं तरी अडकायचात, मग बटण बंद का असेना. आता बंद ठेवलं की पुरे. त्या मजकुरानं या बटणावर एक ओळ लिहिली असती तर मी गप्प बसलो असतो. नेमकी तीच नाही.

‘मोठ्या स्पर्धांत बंदी आहे.’ अर्धं खरं. मास्टर्समध्ये चालत नाही. पण २०२१ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये चालत होतं. पुरुषांच्या मेजर स्पर्धेत, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीत, ती पहिलीच वेळ. कियावा आयलंडवर पन्नाशीतल्या फिल मिकलसननं ती जिंकली. आणि जिथे यंत्र चालत नाही तिथे हे खेळाडू डोळे बारीक करून अंदाज बांधतात असं वाटत असेल तर बाबांनी त्यांच्या कॅडीच्या खिशात बघावं. तिथे यार्डेज बुक असतं. प्रत्येक बंकरची कड, ग्रीनची पुढची-मागची बाजू, सगळं त्यात. ही वही कशानं मोजतात? लेझरनंच. सरावाच्या फेरीत तेच यंत्र उघडपणे हातात असतं. मोजमाप आधीच झालेलं असतं, स्पर्धेच्या दिवशी फक्त पानं उलटायची. आपल्याकडे गोव्यात राजबागच्या मैदानाच्या ९ होलांची किंवा मोबोरच्या १२ होलांची अशी वही घेऊन कोण खेळतो?

नजरेचं म्हणाल तर गोल्फमधला दिग्गज जॅक निकलॉसची नजर वाईट होती असं कुणी म्हणणार नाही. १९६१ साली पेबल बीचवर यूएस अॅमॅच्युअर खेळताना मित्र डीन बीमननं त्याला पावलांनी अंतर मोजून टिपून ठेवायची सवय लावली. ती स्पर्धा तो जिंकला आणि ती सवय त्यानं पुढे सोडली नाही. म्हणजे ‘खऱ्या खेळाडूंनी’ नजरेवरचा भरवसा साठ वर्षांपूर्वीच कमी केला. समुद्राकाठी तर नजर हमखास फसते. मध्ये खोलगट जमीन असली आणि ती दिसत नसली की ग्रीन जवळ वाटतं. मागे माडांची रांग असली की प्रमाणच कळत नाही. त्यात दीडशेची खूण यार्डांत की मीटरमध्ये, हा आपला जुना घोळ. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, एका क्लबाहून जास्तच फरक.

यंत्र फसत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. राजबागला एकदा मी पिनवर लेझर धरला, हात किंचित हलला, किरण मागच्या माडाला लागून आला. १७१. मी त्या आकड्यावर श्रद्धा ठेवून मारला आणि चेंडू ग्रीन ओलांडून सुरूच्या झाडांत गेला. पिन होती १४६ वर. किरण जाऊन येतो सुमारे एका मायक्रोसेकंदात, पण तो कशाला लागून आला हे तुम्हालाच बघावं लागतं.

खेळ रेंगाळतो? एका फटक्याला ४० सेकंदांत उरका असं नियमच सुचवतो. खूण शोधत मागे वीस पावलं जा, परत या, यात किती जातात ते मोजून बघा. तरीही कबूल : ज्याला रेंगाळायचंच आहे तो यंत्रानंही रेंगाळतो. आठ यार्डांवरून पिन मोजणारा एक महाभाग मी पाहिलाय.

राहिला कॅडी. हा मुद्दा मला मनापासून पटावा असं वाटत होतं, पण तोही उलटा निघाला. नुसता आकडा सांगायला कॅडी लागत असेल तर त्या पोराचा आपण अपमानच करतो. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून वाहणारा वारा अकराच्या सुमारास फिरतो आणि समुद्रावरून येऊ लागतो. लेझर दोन्ही वेळेला १४६ च दाखवणार. ‘बाब, वारो वाडला. एक क्लब चड घेयात,’ (वारा वाढलाय, एक क्लब जास्त घ्या) हे कॅडी सांगतो, आणि नियमानं त्याला ते सांगता येतं, यंत्राला नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर चेंडू पडल्या जागी रुततो, पुढे घरंगळत नाही, हेही तोच सांगतो.

तेव्हा रविवारी पहिल्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात तिथे) माझं यंत्र बाबांनी स्वतः हातात घेऊन बघावं, स्लोप बंद आहे ना ते. मधल्या कुठल्याही होलवर पुन्हा मागावं. एकदा सापडलो तर दोन फटके लिहा, दुसऱ्यांदा सापडलो तर कार्ड फाडा. आणि सहाव्या होलवर पाण्यापलीकडची पिन किती लांब आहे हे त्यांनी मला विचारलं, तर मी सांगेन. गेल्या महिन्यातही त्यांनी विचारलंच होतं.